आठ गुरुवार, मग सुतार

६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोन न करता पत्र लिहितेय, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलं असशीलच. पण फोनवर बोलू कशी? दुकानात कापायच्या टेबलाशी मास्तर आणि मशीनपाशी मी, मध्ये जेमतेम सहा पावलं. वर घरात जावं तर भिंती पुठ्ठ्याच्या. नवऱ्याबद्दल तक्रार करायची तर ती नवऱ्याला ऐकवूनच करावी लागते, आणि मास्तरशी तर मी गेले आठ महिने बोलत नाही.

हो, आठ महिने. तुला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तो आला नाही, तिथून हे सुरू झालं. आधी मी रडले, मग भांडले, मग दमले. आता आमचा सगळा संसार चिठ्ठ्यांवर चालतो. कपडा कापून झाला की मास्तर मापांची चिठ्ठी त्याला टाचून माझ्याकडे टाकतो, तुला माहीतच आहे. हल्ली त्या चिठ्ठीवर कंबर छत्तीस, लांबी एकेचाळीस, आणि खाली 'दूध संपलंय' असं असतं. मी खाली लिहिते, 'माहीत आहे' आणि पँट परत त्याच्याकडे टाकते. एकदा तर एका पँटवर आमचं अख्खं भांडण झालं. आत अस्तरापर्यंत चिठ्ठ्या.

शेवटी वेगळं व्हायचं ठरवलं. दुकानाच्या मधोमध फळ्यांची भिंत घालायची, पुढचं दुकान आणि वरचं घर त्याचं, मागचं दुकान आणि मागची खोली माझी. कागदपत्रं नंतर, आधी सुतार. सुताराला सांगूनही टाकलं होतं. पण आमच्या डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर बघितलं, कारण विचारलं, आणि एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. त्या बाई म्हणाल्या, मला आठ गुरुवार द्या, मग खुशाल भिंत घाला. म्हणून सुताराला एक एप्रिलची तारीख दिली आहे. आठ गुरुवार, मग सुतार.

काल पहिला गुरुवार झाला. छोटीशी खोली, तीन खुर्च्या, एक कुंडी, कागदी रुमालांचा डबा. बाई तरुण आहेत, माझ्या पोटच्या मुलीसारख्या, पण ताई, त्यांचं जॅकेट. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला अर्धा इंच खाली. बाई काय काय विचारत होत्या आणि मला फक्त तो खांदा दिसत होता. तिरक्या नजरेने बघितलं, तर मास्तरही तिकडेच बघतोय. बाईंनी विचारलं, तुमचं दोघांचं एकमत शेवटचं कधी झालं होतं? मग मास्तर म्हणाला, "मुंढ्यातच चुकलंय." मी म्हटलं, "बाही काढूनच लावायला हवी." बाई बावरल्या. मग त्यांना जॅकेट काढायला लावलं, टेबलावर पसरलं, आणि कुठून उसवायचं यावर आम्ही असे काही वाद घातले की वेळ संपली.

निघताना बाई म्हणाल्या, तुम्ही एकमेकांशी अठरा मिनिटं बोललात. आम्ही दोघंही इतके ओशाळलो की घरी जाताना तो रस्त्याच्या या कडेने आणि मी त्या कडेने.

तुझी,
धाकटी


१२ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीत बसले. मला बसलेली बघून तुझे भाऊजी घाबरले, कारण चौतीस वर्षं शाळेत पीटी शिकवलेली बाई दिवसा बसत नाही.

आठ महिने बोलत नाहीस आणि मला सांगत नाहीस? बरं, ते असो. पण घरातलं भांडण परक्या पोरीसमोर मांडायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, एवढं तुला आईने शिकवलं होतं. आमच्याकडे बघ. एकतीस वर्षांत एक भांडण नाही. सकाळी साडेपाचला मी शिटी वाजवते, तुझे भाऊजी उठतात, दोघं गच्चीवर व्यायाम करतो, मग दिवसभर ते त्यांच्या चष्म्यांच्या दुकानात आणि मी घरात. संध्याकाळी बातम्या. कुठे आहे भांडायला फट?

तरी तू जातेसच आहेस, तर एक ऐक. त्या बाईंना काय सांगायचं ते सांग, पण आईच्या वेळचं उकरून काढू नकोस. ते दिवसच तसे होते. ज्याला जे सुचलं ते त्याने केलं. मेलेल्या गोष्टीला पाणी घालून काय उगवणार आहे?

पाठ सरळ ठेवून बसत जा. खुर्चीतसुद्धा.

ताई


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू सांगितलंस ते नेमकं उलट झालं. मी सगळं आईच्या वेळचंच बोलले.

आधी बाईंबद्दल एक तक्रार. मी पुराव्यांची यादीच करून नेली होती, तारखांसकट. वाटलं, त्या वाचतील आणि मास्तरला धारेवर धरतील. त्यांनी यादी हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाल्या, मी निकाल देत नाही, इथे जिंकायला कुणीच आलेलं नाही. मी मनात म्हटलं, मी तर त्यासाठीच आलेय. पण नंतर मास्तरच्याही खिशातून तशीच यादी डोकावताना दिसली, तेव्हा जरा गार झाले.

आता त्यांनी घरचा अभ्यास दिलाय. रोज दहा मिनिटं एकाने बोलायचं, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, फक्त जे ऐकलं ते टिपून घ्यायचं आणि मग वाचून दाखवायचं. मास्तरला टिपायचं म्हटलं की एकच वही ठाऊक, मापांची. दुकान बंद केल्यावर तो खडू कानावर, टेप गळ्यात, असा माझ्यासमोर बसला, जसं काही माझा कोट शिवायचाय. मी बोलले. आईला नेलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांमध्ये माझीच बाजू रिकामी होती हे बोलले. गेली दोन वर्षं मी तुला 'का आला नाहीस' विचारते आणि तू खाली बघतोस, हेही बोलले. दहा मिनिटं झाली आणि त्याने वही वाचली:

"तक्रार: आईच्या वेळी आलो नाही. लांबी: दोन वर्षं. ढील: अजिबात नाही. ट्रायल: एकदाही दिली नाही."

मला हसू यायला नको होतं. मी नाक फुगवून मागच्या खोलीत गेले आणि कापडाच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून हसले. कापड इस्त्रीचं होतं, परत इस्त्री करावी लागली.

दुसऱ्या दिवशी त्याची पाळी. मी पेन घेऊन तयार. दहापैकी सात मिनिटं तो कॉलरमध्ये घालायच्या बुकरमवर बोलला. हल्लीचं बुकरम धुतल्यावर कसं आकसतं. मी इमानदारीने टिपलं. मग अचानक म्हणाला, "आठ महिने तू मला नावाने हाक मारली नाहीस. गिऱ्हाईक मास्तर म्हणतं, तूही मास्तर म्हणतेस. मला वाटतं मी इथे कामाला आहे." ते वाचून दाखवताना माझा आवाज जरा फाटला.

पण त्या एका प्रश्नाचं उत्तर तो देत नाही. नुसता खाली बघतो. ते उत्तर नसेल तर ताई, मला भिंतच हवी. हसणं वेगळं आणि घर करून राहणं वेगळं.

तुझी,
धाकटी


६ मार्च

धाकटे,

तुझ्या त्या बाई घरोघरी भांडणं लावणार असं दिसतंय. आमच्याकडे लागलंही.

झालं असं की तुझं पत्र वाचून मला वाटलं, आपणही बघावं, आपलं तर दहा सेकंदांत संपेल. माझं शाळेतलं स्टॉपवॉच काढलं. तुझ्या भाऊजींना म्हटलं, बोला. ते म्हणाले, काय बोलू? मी म्हटलं, काहीही, मी मध्ये बोलणार नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि म्हणाले, "मला व्यायाम आवडत नाही."

मी म्हटलं, चूक. तर त्यांनी हात वर केला आणि माझंच स्टॉपवॉच शून्यावर आणलं. तीनदा. मी पुन्हा 'चूक' म्हटलं की पुन्हा शून्यावर. एरवी गिऱ्हाइकाला 'आता डावा डोळा झाका' एवढंच बोलणारा माणूस बावीस मिनिटं बोलला. एकतीस वर्षं त्यांना साडेपाचचा राग आहे. एकतीस वर्षं ते गच्चीवर हात वर करताना मनातल्या मनात मला शिव्या देतात. शिव्या कोणत्या, तेही सांगितलं. एक मला नवीन होती.

मी दोन दिवस फुगून बसले. एकटी गेले गच्चीवर. तिसऱ्या दिवशी बैठका मारत होते तर जिन्यात पावलं वाजली. पायजम्यात, डोळे अर्धे मिटलेले, हातात दोन कप चहा. म्हणाले, तू कर, मी बघतो. माझ्या बैठका चुकल्या गं. या वयात कुणी आपल्याकडे बघत बसलं की मोजणी कुठली लक्षात राहते?

तेव्हा पुढचे गुरुवार सोडू नकोस. आणि मास्तर त्या विषयावर काही बोलले का? सहज विचारते आहे.

ताई


२० मार्च

प्रिय ताई,

घात झालाय, आणि तोही दंतवैद्याच्या कोटात.

आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांचे दोन पांढरे कोट परवा त्यांच्या दवाखान्यात पोचवले. बुधवारी दुपारी डॉक्टर कोट घालूनच दुकानात आले. गिऱ्हाइकं तीन होती. त्यांनी आतल्या खिशाजवळून एक टाचलेला कागद काढला आणि म्हणाले, हे माझ्या मापाचं दिसत नाही. मास्तरच्या वहीतलं पान. मापाची चिठ्ठी समजून कुणी टाचलं देव जाणे, तो म्हणतो मी, मी म्हणते तो. डॉक्टरांना कागद परत देऊन निघून जाता आलं असतं. पण त्यांनी तो वाचला होता, त्यांच्या नर्सने वाचला होता, आणि मला वाटतं तोंड उघडं ठेवून बसलेल्या एका पेशंटनेही ऐकला होता.

वरच्या अर्ध्या पानावर माझं बोलणं, त्याने टिपलेलं: 'का आलो नाही, हे दोन वर्षं विचारते.' आणि खाली, जे त्याने मला कधी वाचून दाखवलं नाही ते, बारीक अक्षरात: 'उत्तर आहे. पण शब्द दिलाय.'

डॉक्टरांनी चष्म्यावरून मास्तरकडे बघितलं आणि भर दुकानात विचारलं, "कुणाला?"

तिन्ही गिऱ्हाइकं मास्तरकडे बघायला लागली. एक बाई तर ट्रायलच्या पडद्याआडून डोकं काढून. मास्तरचे कान लाल झाले आणि तो टेबलाखाली पडलेली सुई शोधायला गेला, तो सगळी गिऱ्हाइकं जाईपर्यंत वर आलाच नाही.

काल गुरुवारी बाईंसमोर तेच निघालं. तो म्हणाला, सांगता येत नाही, शब्द तो शब्द. मी उठून निघणार होते. बाईंनी मला थांबवलं नाही, त्यांनी त्याला विचारलं, ज्याला शब्द दिलाय त्याच्याकडे तो परत मागता येईल का? मास्तरने डोकं वर केलं. असं करता येतं हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं बहुतेक. म्हणाला, विचारून बघतो.

ताई, कोण असेल? कुणीतरी बाई असणार. मी सगळ्यांची नावं काढून बघितली. शिलाईला येणारी ती शिक्षिका? बटणवाल्याची बहीण? रात्रंदिवस डोक्यात हाच भुंगा. आता एकच गुरुवार राहिलाय, मग सुतार. तुला माणसं बरोबर ओळखता येतात. मला सांग, कोण असेल?

तुझी,
धाकटी


२४ मार्च

धाकटे,

दंतवैद्यांनी दात बघावेत.

घाईत आहे, पाहुणे आलेत. बटणवाल्याची बहीण वगैरे काही नाही, उगाच कुणावर संशय घेऊ नकोस. काही गोष्टी न कळलेल्याच बऱ्या असतात. सविस्तर नंतर.

ताई


२५ मार्च

ती. ताईंस,

नमस्कार. मला पत्र लिहायची सवय नाही. तुम्हाला दिलेला शब्द मी दोन वर्षं पाळला. आता तो परत मागतो आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी बोलणार नाही. पण एक तारखेला सुतार येणार आहे.

मास्तर


२८ मार्च (तातडीच्या टपालाने)

धाकटे,

पाहुणे कुणी नव्हते.

उभ्याने वाच. मीही उभ्यानेच लिहिते आहे, तुझे भाऊजी शेजारी बसलेत आणि त्यांनी माझी शिटी खिशात घातली आहे, म्हणजे मी पळणार नाही.

तो शब्द मास्तरांनी मला दिला. आई गेली त्या दुपारी तू रडत आतल्या खोलीत पडली होतीस. मी दुकानात फोन लावला. मास्तर निघायच्या तयारीत होते. मी त्यांना सांगितलं, येऊ नका. म्हटलं, गायक मंडळींचे ते चाळीस पोशाख तुमच्या हातात अर्धे आहेत, ती इथे त्याच काळजीत आहे, ते पुरे करा, तिचीच तशी इच्छा आहे. आणि मी फोन केला हे तिला कळू देऊ नका, तिला वाटेल मी तुमच्यात लुडबूड करते. असा शब्द घेतला. आणि तू तर पोशाखांचं नावही काढलं नव्हतंस.

आता का, ते सांगते, हे भाऊजींनासुद्धा काल रात्रीपर्यंत सांगितलं नव्हतं. लग्न झाल्यापासून तू कधी एकटी आली नाहीस. दरवेळी मास्तर बरोबर. चांगला माणूस आहे, पण तो असला की तू त्याच्याकडे बघून हसतेस, माझ्याकडे बघून नाही. आई गेली आणि मला वाटलं, आता आपण दोघीच उरलो. तो आठवडा मला तू एकटी हवी होतीस. एका पांघरुणात, लहानपणी झोपायचो तशी. आणि तू झोपलीसही. मला तो आठवडा आयुष्यभराला पुरेल असं वाटलं. तो तुझ्या संसारातून कापून घेतलाय हे माझ्या लक्षात आलं नाही. नंतर लक्षात आलं तेव्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही. चौतीस वर्षं पोरांना सांगितलं, चुकलात तर पुढे येऊन उभे राहा. मी मागच्या रांगेत लपले.

माझ्या सगळ्या उपदेशांची पत्रं फाडून टाक. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

मी चुकले गं. सुताराला थांबव.

ताई


१० एप्रिल

धाकटे,

तेरा दिवस झाले. पोस्टमन मला बघून रस्ता बदलतो. भाऊजी म्हणतात धीर धर. मला धीर धरता येत नाही, मला फक्त धावता येतं. भिंत उभी राहिली का? तू आणि मास्तर, कोण कुठल्या बाजूला आहात? रागाने का होईना, दोन ओळी लिही.

ताई


१५ एप्रिल

ताई,

तुला मी चार उत्तरं लिहिली आणि चारही फाडली. एक तर फारच चांगलं जमलं होतं. त्यात तुला मी आयुष्यभर तोंड दाखवणार नव्हते.

तुझं पत्र एकतीस तारखेला आलं. वाचलं आणि तोंडाने सांगता येईना, म्हणून मास्तर जो कोट कापत होता त्याला टाचून त्याच्यासमोर टाकलं. त्याने दोनदा वाचलं. मग खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "तुझी इच्छा नव्हती?" कळतंय का तुला? दोन वर्षं त्याला वाटत होतं की मीच त्याला नको म्हणाले. तुला सांगून, तुझ्या तोंडून. त्याची बॅग भरलेली होती, कुलूप हातात होतं. ती बॅग तीन दिवस दाराशीच पडून होती म्हणे, आणि ते चाळीस पोशाख त्याने तिच्याकडे बघत शिवले. मी इकडे, 'हा का येत नाही' म्हणून रडत होते आणि तो तिकडे, 'मी का नकोय' म्हणून टाके घालत होता. आणि वर मी घरी येऊन त्यालाच विचारलं, का आला नाहीस. त्याला वाटलं, मी चेष्टा करते.

मग आम्ही भांडलो. आठ महिन्यांचं साठलेलं. मी ओरडले, शब्द पाळायचा होता तर बायकोचा पाळायचा. तो ओरडला, तू एकदा तरी मला थेट फोन करून ये म्हणायचं होतंस. ते खरं आहे, मी केला नव्हता. तोच आपणहून येईल, म्हणून वाट बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्या घेऊन सुतार आला तेव्हा आमचं भांडण अजून चाललं होतं, पण मध्ये मध्ये हसूही येत होतं, आणि मी त्याला नावाने हाका मारून भांडत होते. सुतार पाऊण तास फळ्यांवर बसून राहिला. शेवटी म्हणाला, तुम्ही आधी ठरवा, भांडताय का हसताय. त्याला परत पाठवला.

भिंत नाही. बाईंकडे आणखी आठ गुरुवार मागून घेतलेत, कारण गैरसमज फिटला तरी न बोलायची सवय अंगातून जात नाही. कालच मी दूध संपल्याची चिठ्ठी टाचली आणि त्याने ती परत आणून हातात दिली, तोंडाने सांग म्हणून.

आता तुझं. मास्तर तुझ्यावर रागावलेला नाही. म्हणतो, ताई एकट्या पडल्या होत्या. मी मात्र रागावलेय, आणि हा राग मला पत्रात काढायचा नाही. पत्र फाडता येतं, फोन ठेवता येतो. रागवायला माणूस समोर लागतं. बाईंना विचारलंय. त्या म्हणाल्या, घरातलं माणूस आणता येईल. पुढच्या गुरुवारी चार वाजता. तुला तिथे पन्नास मिनिटं बसावं लागेल, धावता येणार नाही, आणि मध्ये 'चूक' म्हणता येणार नाही. शिटी भाऊजींकडे ठेवून ये.

नंतर आठवडाभर राहा. मास्तर दुकान बघेल, आपण दोघी मागच्या खोलीत झोपू. ताई, तुला मी एकटी हवी होते, तर मला विचारायचं होतंस गं. मी राहिले असते. महिनाभर राहिले असते.

आणि हे बघ, गाडीतून उतरलीस की लगेच मिठी मारू नकोस, मी विरघळेन. आधी मला नीट रागवून घेऊ दे.

तुझीच,
धाकटी